व्याह्यांचा थंड प्लग

आमच्या व्याह्यांइतका भला माणूस सबंध भोर तालुक्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका माझा छळही आजवर कोणी केलेला नाही. भल्या माणसाने मांडलेला छळ फार वाईट, कारण त्याची तक्रार कुठे करता येत नाही. त्यातून मी मुलीचा बाप. वेल्ह्याच्या कचेरीत होतो तेव्हा मी भल्याभल्या साहेबांना तोंडावर सुनावलेले आहे. पण माझी प्रज्ञा यांच्या घरी दिल्यापासून यांच्यापुढे बसलो की चहाची बशी धरून मान हलवण्यापलीकडे माझ्याने काही होत नाही. निवृत्त झाल्यावर मी पासलीला शेतावर राहायला गेलो, व्याही भोरला. मधे एवढे डोंगर आहेत म्हणून हा संबंध टिकला, असे आमची ही म्हणते.

हे गृहस्थ एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी त्यांनी मागच्या बाकावरच्या म्हातारीला धक्का बसू नये अशा बेताने गाडी चालवण्यात घालवली. अशा माणसाने निवृत्त झाल्यावर काय करावे? संध्याकाळी विहारात जावे, चार कुंड्यांना पाणी घालावे. यांनी एक जुनी लाल गाडी विकत घेतली. छोटी, पेट्रोलवर चालणारी, टर्बोची. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, हे त्यांनी मला साखरपुड्याच्या बैठकीत सांगितले. पुढे तेवढ्यानेही त्यांचे समाधान होईना, तेव्हा पुण्याला जाऊन गाडीला लॅपटॉप जोडून त्या हवेचा जोर आणखी वाढवून आणला. याला ट्यूनिंग म्हणतात. वरंध्याच्या रस्त्याला मला शेजारी बसवून त्यांनी ते एकदा दाखवले. त्यानंतर काही दिवस मी मऊ भातावर होतो, आणि आमची ही माझी दृष्ट काढत होती.

तरी गाडी पळवणे एक वेळ मी समजू शकतो. मला सहन होत नाही ते स्पार्क प्लगचे प्रकरण. पेट्रोल पेटवायला इंजिनात ठिणगी टाकणारा हा बोटाएवढा तुकडा. तुम्हीआम्ही तो मेकॅनिकने घातला की पुन्हा त्याचे नाव काढत नाही. पण ट्यून केलेल्या इंजिनाला कंपनीचा प्लग चालत नाही म्हणे. आत उष्णता वाढते, म्हणून ती चटकन बाहेर टाकणारा प्लग लागतो, त्याला थंड प्लग म्हणतात. शिवाय त्याच्या टोकाची फट कमी करावी लागते, नाहीतर जोराची हवा ठिणगीच विझवते. एवढी माहिती शत्रूच्याही डोक्यात कोणी भरू नये. माझ्या डोक्यात ती आहे, कारण आमच्या घरचे एकही कार्य या माणसाने ती सांगितल्याशिवाय पार पडू दिलेले नाही. माझी आई गेली, तिच्या पुण्यानुमोदनाला सगळे शांत बसलेले असताना यांनी खिशातून रुमाल काढला. मला वाटले, डोळे पुसणार. रुमालात जुना प्लग होता. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "पावनं, रंग बगा. बिस्किटावानी हाय. म्हंजी आत बराबर जळतंय."

काळा पडलेला प्लग वाईट, पांढरा पडलेला त्याहून वाईट, बिस्किटाच्या रंगाचा तेवढा चांगला. या एका कसोटीवर ते माणसेही तपासतात. मला ते गरम प्लग म्हणतात, म्हणजे उष्णता आतल्या आत धरून ठेवणारा. पाठीमागे नव्हे, समोर, आणि प्रेमाने. भोरच्या बाजारातले स्पेअरपार्टवाले यांना लांबून येताना पाहिले की आत जेवायला बसतात, भले सकाळचे दहा वाजलेले असोत. इरिडियमचा टिकतो पण महाग, साधा स्वस्त पण लवकर झिजतो, अमका लांब पडतो, तमक्याची फट बसत नाही, असे करत यांनी प्लग निवडायला जेवढे दिवस घेतले तेवढ्यात मी मुलीचे स्थळ पाहून लग्न लावून मोकळा झालो होतो. विहीणबाई मसाल्याचा डबा उघडतात तेव्हा एका वाटीत मोहरी, एका वाटीत जिरे आणि तिसरीत प्लग असतात. त्या माउलीने हळद कशात ठेवायची, हे मी आजवर विचारलेले नाही.

मग प्रज्ञाला हिर्डोशीच्या पुढे शाळेवर नोकरी लागली. जावई पुण्याला कंपनीत, आठवड्याने घरी येणार. तिकडे एसटी कधीतरी. चुकली की पायी. नोकरी धरावी की सोडावी, असे घरात बोलणे निघाले तेव्हा व्याह्यांनी तिला स्वतः गाडी शिकवली आणि लाल गाडीची किल्ली तिच्या हातात दिली. त्या दिवशी मला त्यांच्याविषयी अतोनात प्रेम वाटले. ते पावसाळ्यापर्यंत टिकले.

झाले असे की, थंड प्लग हा गाडी पळवणाऱ्याचा प्लग. तो तापला तरच स्वच्छ राहतो. माझी मुलगी गाडी माणसासारखी चालवते, त्यामुळे प्लगवर काजळी धरू लागली आणि गाडी मिसिंग मारू लागली, म्हणजे चालता चालता अडखळू लागली. यावर कोणीही शहाणा माणूस प्लग बदलेल. यांनी सून बदलायला घेतली. "पोरी, धरनाच्या कडंला सरळ रस्ता हाय न्हवं, तितं रोज एकदा गाडी मोकळी सोडत जा," असा सल्ला यांनी तिला दिला. एका बाजूला धरण, दुसऱ्या बाजूला डोंगर, मधे म्हशी आणि धुके, आणि यांचा प्लग साफ व्हावा म्हणून माझ्या मुलीने गाडी उधळायची. मी हे ऐकले आणि स्वयंपाकघराची खिडकी लावून घेऊन आमच्या हिच्यापुढे अर्धा तास बोललो. व्याह्यांशी फोनवर मी "बरं" म्हणालो होतो.

आणि एके सकाळी धुक्यात गाडी बंद पडली ती पडलीच. मोबाईलला रेंज नाही. प्रज्ञा थांबली, मग चालू लागली, पुष्कळ चालल्यावर दुधाचा टेम्पो मिळाला. संध्याकाळी तिने मला फोनवर हसत हसत सांगितले, पण शेवटी म्हणाली, "आप्पा, हे असं रोज नाही जमायचं. सोडते मी नोकरी." दोन दिवसांनी मी भोरची वाट धरली. एसटीत बसून मी भाषण तयार केले. त्यात प्लग होता, टर्बो होता, माझ्या आईचे पुण्यानुमोदन होते. संबंध तुटला तर तुटला, या तयारीने मी त्यांच्या अंगणात पाय ठेवला.

गाडी दारात होती. व्याही पायरीवर बसले होते, हात चक्क स्वच्छ, ग्रीसचा डागही नाही. जयभीम झाला. मी घसा साफ केला, तेवढ्यात ते बोलू लागले.

"पावनं, थंड घातला तर पोरगी आडकतीया. गरम घालून ट्यूनिंग तसंच ठिवलं तर माजा पाय ऱ्हायचा न्हाई. म्या एक दिवस घाटात पळिवनार, इंजिन फुटनार, आन दुसऱ्या दिशी ती वाटंत. दोगांना चालंल असा प्लगच न्हाई."

"मग?" मी म्हणालो.

"काल पुन्याला जाऊन ट्यूनिंग काढून आनलं. कंपनीचं हुतं तसं केलं, कंपनीचाच प्लग. उद्यापास्नं गाडी तिची. नोकरी सोडायची न्हाई म्हनावं."

माझे भाषण तसेच राहिले. तयार केलेला राग कुठे ठेवायचा ते मला कळेना. माझ्या मुलीची नोकरी राहिली, तिचा रस्ता सुखाचा झाला, आणि मला मात्र उगाच कोणीतरी लुबाडल्यासारखे वाटत होते. मला नव्हे, त्यांना. विहीणबाई चहा घेऊन आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, कालपासून नीट जेवले नाहीत. शेवटी मी, ज्याने हा विषय निघाला की आजवर बशीत तोंड घातले, तो मी, आपण होऊन म्हणालो, "काय हो, इरिडियम बरा की साधा?"

"कुटलाबी चालंल आता," ते म्हणाले.

या माणसाला जन्मात कधी नव्हे तो शहाणपणा सुचला होता, आणि मला तो मुळीच बघवेना. तिन्हीसांजेच्या आत मला पासलीला सोडायला म्हणून त्यांनी गाडी काढली. वेल्हे मागे पडले. पुढे मोकळा, चढाचा रस्ता लागला, समोरून कोणी येत नव्हते. गाडी शांतपणे चालली होती. मी सीटचा पट्टा घट्ट केला आणि म्हणालो, "पावनं, जरा दाबा की."

"पुरी दाबलीया," ते म्हणाले.