रिकाम्या झोपाळ्याचं वजन

ईशान, मीरा, तुमचे आजोबा गेल्याचं मला कुणी येऊन सांगितलं नाही. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते आणि बैठकीतल्या झोपाळ्याच्या कड्यांची किरकिर थांबली. ती रोजच थांबे. मग त्यांच्या चपलांचा आवाज येई. त्या सकाळी तो आला नाही... मी हातातली भाजी खाली ठेवली.

दिवाळीला तुम्ही येणार, त्याआधी झोपाळा काढून टाकावा, असा तुमच्या बाबांचा आग्रह होता. आपलं हिंगोलीचं घर माळवदाचं, झोपाळा पेलणारी सागवानी तुळई पणजोबांच्या वेळची. आजोबांनी नोकरीभर पुलांची आणि शाळाखोल्यांची गणितं केलेली. "तुळई भक्कम आहे, मी हिशेब केलाय," ते फोनवर म्हणाले. "हाताने? बाबा, परवा खिशातली किल्ली तुम्ही घरभर शोधत होतात," तिकडून उत्तर आलं. थट्टाच होती, पण आजोबांना ती लागली. नातवंडांना त्याच झोपाळ्यावर बसवायचं होतं आणि स्वतःच्या आकड्यांवरचा विश्वास मात्र उडाला होता.

मग हिशेब पडताळून देणाऱ्या सॉफ्टवेअरचा संगणकावर शोध सुरू झाला. एक सॉफ्टवेअर अख्खी इमारत मागायचं. "मला एक तुळई पाहिजे बाबा, गाव नाही वसवायचं," ते पडद्यालाच सुनावत. दुसरं फूट-पौंडांत बोलायचं. तिसरं अगदी साधं निघालं: एक आडवी रेघ, टोकांना आधाराचे त्रिकोण, वजनाचा बाण, आणि मग तीच रेघ वाकवून दाखवायचं. पण त्याचं उत्तर हातच्या उत्तराशी जुळेना. तुळई जास्तच वाकायची. जेवणात त्यांचं लक्ष लागेना. शेवटी एकदा मोठ्याने हाक आली. "अगं, ऐक! तुळईचं स्वतःचं वजन हे आपणहून धरतंय, आणि मी वरून पुन्हा भरत होतो. बिचारी स्वतःलाच दोनदा उचलत होती!"

"मग हेच ठेवा," मी म्हटलं.

"ठेवलंच. काय काय धरलंय ते लपवत नाही, एवढं पुरे."

तरी डोळ्यांनी पडताळा हवाच होता. तुळईखालून त्यांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुती दोरी ताणली, तुळई आणि दोरीत केसभर फट ठेवून. रोज सकाळी पंखा बंद करून ते त्या फटीत जवळा बाजार गावाच्या बसचं एक जुनं तिकीट सरकवत आणि झोपाळ्यावर बसत. त्यांच्या वजनाने तुळई किंचित खाली येई, तिकीट दाबलं जाई. मग मी पंखा लावे. ते उठले की फट मोकळी होई आणि तिकीट वाऱ्याने उडून खाली येई. "बघ, तुळई परत वर गेली," ते म्हणत. आमचा तो खेळच झाला होता.

त्या दिवशी शेजाऱ्यांनी त्यांना झोपाळ्यावरून उचललं. पंखा चालू होता. तिकीट पडलं नाही.

तेरावा झाल्यावर तुमच्या बाबांनी झोपाळा काढायला साखऱ्याहून गणपत सुतार बोलावला. त्याने वर पाहिलं. "आई, ह्ये तिकीट कुनी ठिवलं?" मी सगळं सांगितलं. त्याने चिमटीत धरून ओढलं, ते हललं नाही. तो स्टुलावरून उतरला.

"दादा, कुनीतरी बसून राहिलंय इथं. आमी न्हाई हात लावत."

"अरे, ओलाव्याने दोरी आखडली असेल," तुमचे बाबा म्हणाले.

"आसंल. मंग वाळल्यावर बलवा."

तुमचे बाबा परत गेले. आता ऑक्टोबरचं ऊन आहे, वाळत घातलेले कपडे तासाभरात कडक होतात. दोरीही वाळली असेलच. मी पंखा पूर्ण वेगाने लावून पाहिला... तिकीट तिथेच आहे.

काल मी संगणकाशी बसले. ते सॉफ्टवेअर उघडलं की शेवटची तुळई समोर येते, आपलीच. झोपाळ्यावरचं वजन मी शून्य केलं. तरी रेघ थोडी वाकलेलीच राहिली. मग तुमची दोघांची वजनं भरली. आजोबांनी मला दाखवून ठेवलेल्या मर्यादेच्या पुष्कळ आत उत्तर आलं. बंद करणार होते... पण मध्यभागी आणखी एक बाण ठेवला आणि त्यांचं वजन लिहिलं. तुळईने तेही पेललं.

तेव्हा या. झोपाळा जागच्या जागी आहे. फक्त बसताना मधली जागा सोडा.