येळवशीला नाही म्हणायचं नसतं

"येळवशीला ये. कारणं सांगू नकोस," फोनवर सुमन म्हणाली. "आणि ऐक, मी पंचायतीला उभी राहिलेय. सगळे अर्ज मागं घे म्हणायलेत. तू असलीस तर बरं वाटंल."

मी त्याच संध्याकाळी तिकीट काढलं. सुमन आणि मी गुलबर्ग्याच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात शेजारच्या खाटांवर वाढलो. (आता कलबुरगी म्हणतात, पण माझ्या तोंडून अजून गुलबर्गाच येतं.) मी लग्न होऊन पुण्याला आले, ती भालकी तालुक्यातल्या सासरी गेली. पत्रं, मग फोन. येळवशीचं आमंत्रण मात्र दर वर्षी, आणि दर वर्षी माझं काहीतरी निघायचं.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर, उदगीर, बीदर, आळंद या पट्ट्यात त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. तुम्हाला जायचं असेल तर पंचांग बघून एक दिवस आधी पोहोचा. त्या दिवशी हॉटेलं बंद, बस कमी. उपाशी मात्र कोणी राहत नाही. रस्त्यालगतच्या कुठल्याही शेतातून हाक येते, आणि हाक आली की नाही म्हणायचं नसतं.

पुण्याहून रेल्वेने लातूर, तिथून एसटीने उदगीर, मग भालकीची बस. आमच्याकडे एसटीत बायकांना अर्धं तिकीट, पण ते सरहद्दीपर्यंतच. कंडक्टरने पुढचं पूर्ण फाडलं. भालकीच्या स्टँडवर सुमन न्यायला आली होती. पाठीला थोडा बाक, केस पांढरे, हसणं तेच. कर्नाटकात तिथल्या बायकांना बस फुकट, म्हणून गावच्या बसमध्ये तिने कार्ड दाखवलं की झालं. माझं पुण्याचं आधार कार्ड बघून कंडक्टर मान हलवत म्हणाला, "अक्का, तुम्ही परदेशी!"

मागच्या सीटवरून कोणीतरी पुटपुटलं, "फुकटची सवय लावायलेत लोकांना."

सुमन मागे वळलीसुद्धा नाही. "शिवराज अण्णा, उसाला सरकारी भाव मिळाला की ती सवय न्हाई का?" अख्खी बस हसली. शिवराज अण्णाही हसले. त्यांचा गावात ऊस, भालकीत बियाण्यांचं दुकान, आणि गावच्या पंचायतीच्या त्या एका रिकाम्या जागेसाठी सुमनच्या समोर उभी होती ती त्यांचीच सून, रेणुका.

जागा बायकांसाठी राखीव. सुमन उभी राहिली ती पाण्यासाठी. नळ वरच्या गल्लीत येऊन थांबलाय, खालच्या गल्लीतल्या बाया अजून हापशावर भांडतात. त्यांनीच तिला पुढे केलं. पण या गावात त्या वॉर्डात मतदान असं कधी झालंच नव्हतं. चार मोठी माणसं देवळात बसतात, एक नाव ठरवतात, बाकीचे अर्ज मागे घेतात. बिनविरोध. गावाला त्याचा अभिमान आहे. अर्ज मागे घेण्याची मुदत येळवशीच्या दुसऱ्या दिवशी संपत होती.

सकाळी बैलगाडीऐवजी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून शेतात गेलो. मी मांडीवर शेंगा आणि भाज्या एकत्र शिजवलेल्या भज्जीचं गरम पातेलं घेऊन, पोतं खाली घालून बसले होते. ज्वारी डोक्याएवढी, मध्ये हरभऱ्याचे पट्टे, थंडीत मातीचा ओला वास. ज्वारीच्या धाटांची कोप, म्हणजे खोपटी, उभी केली होती आणि आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, पांडव म्हणून. पूजा झाल्यावर सुमनचे यजमान, बाबूराव, आंबिलीचं भांडं घेऊन शेताच्या कडेकडेने शिंपडत निघाले, तोंडाने काहीतरी ओरडत. "काय म्हणतात ग ते?" मी विचारलं. "कोणाला ठाव. निम्मं कानडी हाय, निम्मं आजोबांचं," सुमन म्हणाली.

मग पाहुणे यायला लागले. पहिले आले थोरले भाऊजी, नागप्पा, बाबूरावांचे मोठे भाऊ. वय ऐंशीच्या घरात, खांद्यावर लाल गमछा. त्यांच्यामागे त्यांचा नातू महेश, लातूरला नोकरीला, कपाळावर टिळा, फोनवर सतत देशाच्या बातम्या. आजोबा नातवाला 'भटकलेला' म्हणतात, नातू आजोबांना 'संपलेला पक्ष'. दोघं एकाच ट्रॉलीतून आले होते. शेवटी आले शिवराज अण्णा. कोपीसमोर घोंगडी अंथरली, पानं वाढली. आणि वाद सुरू झाला तो बसच्या तिकिटावरून.

"फुकट न्हाई ते," नागप्पा म्हणाले. "जे आमचंच होतं ते परत मिळायलंय. माझा बाप जहागीरदाराच्या रानात राबला. त्याला मत असतं तरी त्यानं कुणाला दिलं असतं? ज्याच्या हातात भाकरी त्यालाच ना? आधी रान वाटा, मग मत. न्हाईतर मत म्हणजे पुन्हा मालकालाच सलाम."

"आणि वाटणार कोण? तुमचाच साहेब!" शिवराज अण्णांनी भाकरीने भज्जी ओढली. "परमिटाच्या दिवसांत माझ्या वडलांचा गूळ सरहद्दीच्या नाक्यावर अडकून पाघळला हो. पलीकडं उदगीर दिसतंय, पण जाता येत न्हाई. माणसाला त्याचा धंदा त्याच्या मर्जीनं करू द्या. सरकारनं दारात येऊ नये, मग निवडून कुणीबी येऊ दे."

महेश इतका वेळ फोनमध्ये होता. "तुम्ही दोघं पैशाचंच बोलताय. माझ्या वर्गातली निम्मी पोरं पुण्यात वॉचमन झाली. मावशी, तुमच्या शहरात त्यांना कुणी नावानं हाक मारत नाही. माणसाला वाटायला पाहिजे की मी कुणाचा तरी आहे. देश एक, समाज एक असेल तर मताला अर्थ. नाहीतर नुसती गर्दी."

"समाज एक?" नागप्पांनी भुवई उंचावली. "मग खालच्या गल्लीत नळ कामून न्हाई?"

महेशने पुन्हा फोन उघडला. मला त्याचा राग आला नाही, आजोबांचाही नाही. तिघांच्याही मागे एक खरं दुखणं होतं. बापाचा झुकलेला कणा, नाक्यावर पाघळलेला गूळ, परक्या शहरात नाव हरवलेले मित्र. शाळेत सिस्टर अॅग्नेस नागरिकशास्त्र शिकवताना फळ्यावर रकाने आखून हे सगळे विचार एकेका रकान्यात बसवायच्या. इथे माणसांमध्ये ते तसे बसत नव्हते. पण एक गोष्ट सारखी दिसली. प्रत्येकाला लोकशाही हवी होती, फक्त आधी त्याचं एक काम व्हायला हवं होतं.

आणि मग ती गंमत झाली, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि नागप्पांनी घसा साफ केला. "सुमन, गावात तंटा नको. अर्ज मागं घे. रेणुका शिकलेली पोर हाय."

"गरिबांत फूट पडंल," ते म्हणाले. "उगी खर्च," शिवराज अण्णा म्हणाले. "एकी राहील, आजी," महेश म्हणाला. ज्यांचं सकाळपासून मिठावरही एकमत नव्हतं, त्यांचं इथे झालं. आणि आजचा दिवस त्यांनी मुद्दाम निवडला होता. येळवशीच्या दिवशी शेतात मागणाऱ्याला कोणी नाही म्हणत नाही.

बाबूरावांकडे सगळ्यांनी पाहिलं. ते म्हणाले, "मी आंबील वाढायलोय," आणि खरंच वाढत पुढे गेले.

सुमनच्या हातात भज्जीचा पळा होता. तिने पातेलं तळापासून ढवळलं. मला वाटलं, आता ही मानते. मग ती म्हणाली, "भाऊजी, रान कुणाचं हाय हे?"

"तुमचंच की."

"मग पाहुणे कोण?"

शिवराज अण्णा भाकरी मोडायला लागले.

"येळवशीला नाही म्हणायचं न्हाई ते पाहुण्यानं. घरधन्यानं न्हाई." तिने पळा भरला आणि नागप्पांच्या पानावर धरला. "मतदान होऊ द्या. वाढू?"

नागप्पांनी पळ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुझ्या रानात येऊन बोललो, हीच चूक झाली," ते म्हणाले आणि पान पुढे सरकवलं. शिवराज अण्णांपुढे पळा आला तेव्हा ते म्हणाले, "माझीच सून समोर उभी हाय, वैनी!" "म्हणून तर तुम्हाला जास्त वाढायलेय." महेशने आपलं पान स्वतःच उचलून धरलं. "आजी, थोडंच." "थोडं न्हाई. पुरं मत."

दुसऱ्या दिवशी अर्ज तसाच राहिला. मी हुमनाबादमार्गे बसने कलबुरगीला आले. रस्ता आता चांगला आहे, हुमनाबादला चहासाठी उतरायला वेळ मिळतो. गाडीला अवकाश होता म्हणून रिक्षा करून शाळेच्या फाटकाशी गेले. चिंचेचं झाड आहे. आमचा वर्ग दिसला नाही. त्या वर्गात सिस्टरनी मॉनिटरची निवडणूक घेतली होती. चाकांचा फळा आडवा ओढून त्याच्या मागे एकेकीने जायचं, चिठ्ठी लिहायची, घडी घालायची. "फळ्याच्या मागे काय लिहिलं ते आईलासुद्धा सांगायचं नाही," असं त्या म्हणायच्या. सुमन हरली होती. हरलेलीने आधी हात पुढे करायचा, हाही सिस्टरचाच नियम. तिने केला होता, नाक लाल करून.

पुण्यात परतून मी भज्जी करून पाहिली. सगळ्या शेंगा, भाज्या मंडईत मिळाल्या, तरी ती वेगळीच झाली. निकालाच्या दिवशी मी फोन हातातून खाली ठेवला नाही.

"हरले," सुमन म्हणाली. आवाज स्थिर होता.

"अग सुमन..." मी म्हणायला गेले.

"अग, ऐक तर. रेणुकाच्या घरी मीच आधी गेले, सिस्टरनं सांगितल्यासारखं. पोर रडायली. पण त्याच्या आधीचं सांगते. मत मागायला ती खालच्या गल्लीत आली, दार न् दार. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. बायांनी तिला हापशावर उभं केलं आणि कळशी भरायला लावली. तिथंच, सगळ्यांसमोर, तिनं नळाचा शब्द दिलाय. बिनविरोध आली असती तर ती हिकडं कशाला आली असती?"

"तुझ्या दारातही आली होती?"

"आली की. चहा पाजला."

"आणि तू मत कुणाला दिलंस?"

पलीकडे सुमन ते जुनं हसू हसली. "फळ्याच्या मागचं कुणी विचारतं का ग?"