‘मले नाही माहीत’ म्हणणारे पाळक

२००३ साली मी केशोरी सोडलं आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन गोंदियाजवळच्या मुर्रीत राहायला आले. मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. ताप आला, थंडी लागली, पाणी कमी पडलं की तिचे हातपाय इतके दुखायचे की पोर गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. गोंदियाचं हॉस्पिटल जवळ असावं म्हणून मी बदली मागून घेतली होती. नवरा केशोरीच्याच शाळेत मास्तर. शनिवारी दुपारी मोटरसायकलने यायचा आणि सोमवारी सकाळी परत जायचा. धडधाकट माणूस. त्याला कधी साधी सर्दी झालेली मला आठवत नाही.

आमचे घरमालक ख्रिस्ती मंडळीचे निवृत्त पाळक होते. बायको वारलेली, मुलगी रायपूरला दिलेली. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगून टाकलं, “आम्ही बौद्ध आहोत. देव मानत नाही. शिवाय मी विज्ञान शिकवते.”

ते म्हणाले, “नळ सकाळी सहाला येते, मॅडम. पाणी भरून ठेवत जा.”

त्या वर्षांत मला कुणीही भेटलं की एकच विचारायचं. काऊन झालं हे? मी कागद काढून चार चौकोन आखायची. आईत एक दोष, बापात एक दोष, चारातल्या एका मुलाला आजार. लोक मान हलवायचे. सासू मात्र कागदाकडे न बघता म्हणायची, “हे समजलं. पण आपल्याच पोरीले काऊन?” तेव्हा मी कागदाची घडी करून उठून जायची. मला तिचा राग यायचा, कारण तिचा प्रश्न बरोबर होता.

एका रविवारी पाळकबाबांकडे बाहेरगावचा एक तरुण प्रचारक आला. मुलगी तेव्हा दुखण्याने पडलेली होती. प्रार्थना करतो म्हणून तो आत आला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला विचारलं, “बहन, घर में कोई छुपा हुआ पाप तो नहीं?” मी कागद शोधायला लागले. खरंच शोधायला लागले, त्याला समजावून सांगायला. तेवढ्यात बाबा दारात आले.

“हात काढ,” ते म्हणाले. “बाहेर चल.”

तो गेल्यावर बाबा माफी मागायला परत आले. ओसरीवर बसले आणि स्वतःहून बोलू लागले. तरुणपणी ते चिचगडकडे पाळक होते. तिथल्या एका बाईचं तान्हं मूल तापाने गेलं. बाबांनी तिला सांगितलं की देवाने भल्यासाठीच नेलं असेल, त्याच्या मनात काही योजना असेल.

“ती माझ्याकडे पाहत राहिली. मंग उठून गेली. पुन्हा कधी प्रार्थनेले आली नाही. मले काही माहीत नव्हतं, बेटी. माहीत असल्यासारखा बोललो, बस.”

मी विचारलं, “मग तुमच्या बायबलात याचं उत्तर काय आहे?”

त्यांनी मला एका भल्या माणसाची गोष्ट सांगितली. त्याची लेकरं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले. मित्र भेटायला आले. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. मग त्यांनी तोंड उघडलं आणि तुझंच काहीतरी चुकलं असेल म्हणून त्याला समजावू लागले. शेवटी देव वादळातून बोलला. त्यानेही कारण सांगितलं नाहीच. उलट त्यालाच प्रश्न विचारले. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, रानातली हरिणी कधी विते हे तुला ठाऊक आहे का, असे.

“हे काय उत्तर झालं?” मी चिडून म्हणाले. “माझ्या वर्गात कुणी असं लिहिलं तर मी शून्य देईन.”

“मीही चाळीस वर्षं तेच म्हणून राहिलो,” ते म्हणाले. “पण देव रागावला तो त्या शहाण्या मित्रांवर. त्या माणसावर नाही. एवढंच मले समजलं. बाकी मले नाही माहीत.”

त्यानंतर मुलीचं दुखणं उठलं की ते येऊन तिच्या पायाशी बसायचे. गरम पाण्यात पिळलेला कपडा तिच्या पिंढऱ्यांना गुंडाळायचे. बोलायचे नाहीत.

माझं सगळं लक्ष मुलीवर होतं. पाण्याची बाटली, गोळ्या, स्वेटर, हॉस्पिटलच्या तारखा. डॉक्टरांनी फार आशा दिली नव्हती, म्हणून मनाची तयारीही मी तिच्याच बाबतीत करत होते. २००८ च्या मार्चमध्ये एका शनिवारी नवरा केशोरीहून निघाला. वाटेत त्याने गाडी स्टँडवर लावली आणि झाडाखाली बसला. तिथेच गेला. हृदयविकार म्हणाले. एक्केचाळीस वर्षांचा होता.

लोक आता कारणं सांगायला आले. उन्हात गाडी चालवायची कायले, तंबाखू सोडायला पाहिजे होती, मुलीच्या काळजीने खचला असेल. या वेळी मी कागद काढला नाही. माझ्यात ताकद नव्हती. बाबा रोज सकाळी यायचे, ओसरीवर खुर्ची न घेता खाली बसायचे. आमची बुद्धवंदना सुरू झाली की तेही हात जोडायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी मीच ओरडले, “बाबा, काहीतरी बोला ना!”

त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी चेहरा धोतराच्या सोग्यात लपवला आणि म्हातारा माणूस माझ्यासमोर हमसून हमसून रडला. मी उठून त्यांना पाणी दिलं. नवरा गेल्यापासून मी दुसऱ्या कुणासाठी केलेलं ते पहिलं काम होतं.

मुलगी जगली. दुखणं सुटलं नाही, पण बारावी झाली, पुढे कॉलेजात जाऊ लागली. त्यात माझं शहाणपण किती होतं हे मला सांगता येत नाही. नोकरी, स्वयंपाक, हॉस्पिटल यांत वर्षं गेली. रागही थकून बसला. देव मी आजही मानत नाही.

बाबांना विसरायला होऊ लागलं तेव्हा त्यांची मुलगी त्यांना रायपूरला घेऊन गेली. जाताना त्यांनी मला ओळखलं, माझ्या मुलीला ओळखलं नाही. वर्षभराने त्यांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

“मॅडम, साहेब पोहोचले का केशोरीहून?”



“निघाले आहेत, बाबा,” मी म्हणाले.

“हाव. सावकाश येऊ दे,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

मुलगी भाजी निवडत होती. तिने मान वर करून विचारलं, “आई, असं काऊन सांगितलं?”

“मले नाही माहीत,” म्हणावंसं वाटलं. पण तेही बोलवेना. मी तिच्या शेजारी बसले आणि मेथीची जुडी पुढे ओढली.