नवऱ्याच्या सायकलवरचे स्टिकर

नवरा गेल्याला महिना होत आला होता. ऑफिसात मीटिंगमधून उठला आणि कोसळला, एवढंच. सासरे ठाण्याहून अंत्यसंस्काराला आले आणि माझ्या सोबतीला इथेच, टोकियोतल्या कोतोला, थांबले. मला काहीच वाटत नव्हतं. फोन वाजला की उचलायचा, घड्याळ बघून जेवायचं.

त्याच्या ऑफिसातल्या एका जपानी मित्राने सायकल मागितली होती. इथे सायकलचीही पोलिसांकडे नोंदणी असते; ती मी रद्द करून आले होते. आता त्या नोंदणीचं स्टिकर आणि इमारतीच्या पार्किंगचं स्टिकर काढायचं होतं.

"मी येतो खाली," सासरे म्हणाले. मी त्यांना बाबाच म्हणते.

पार्किंगमध्ये हेअर ड्रायर लावायला प्लग नव्हता, म्हणून थर्मासमध्ये गरम पाणी नेलं. मी ओलं फडकं दाबून धरायचे, बाबा नखाने खरवडायचे. पार्किंगचं स्टिकर सहज सुटलं. नोंदणीचं मात्र चोरांना काढता येऊ नये म्हणूनच बनवलेलं. त्याचा नुसता भुगा होत होता.

"खोबरेल आहे का गं घरात?"

मी वरून बाटली आणली. बाबांनी तेल चोळलं, थोडा वेळ थांबले, मग चिकटा पुसून काढला. खालचा निळा रंग अगदी नवा होता.

"हे तुकडे कुठल्या कचऱ्यात?"

"जळणाऱ्या." इथे जळणारा आणि न जळणारा कचरा वेगळा टाकतात.

त्यांनी मान हलवली आणि सगळे वेचून पिशवीत भरले.

हँडलखाली एक छोटा स्टिकरचा गणपती होता, नवऱ्याने हौसेने लावलेला. तो बाबांना अख्खा हवा होता. फार सावकाश सोडवत होते, तरी सोंडेपाशी फाटला.

"फाटला," मी म्हणाले.

"असू दे." दोन्ही तुकडे त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवले.

मित्र सांगितल्या वेळेला आला. बाबांपुढे खूप खाली वाकला. सायकलवर बसून पाहिलं, तर पाय जमिनीला टेकेनात. माझा नवरा उंच होता. मित्र उतरला आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "सीट थोडी खाली घेतली तर चालेल का?"

मी बाबांना मराठीत सांगितलं.

"घेऊ दे की. विचारायचं काय त्यात?" बाबा म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले.

मित्राने खटका सैल केला. सीटचा दांडा करकरत आत गेला. तेवढा एक आवाज मला नीट ऐकू आला. त्या महिन्यातलं बाकी काही मला धड आठवत नाही.

कालव्याच्या बाजूने तो वळून दिसेनासा झाला, तरी आम्ही उभेच होतो.

"ब्रेक बघून घ्यायला सांगायला हवं होतं," बाबा म्हणाले.

मी तिथूनच मेसेज केला. लगेच उत्तर आलं: उद्याच दुकानात नेतो. बाबांना वाचून दाखवलं. मग लिफ्टने वर आलो आणि मी कुकर लावला.