जास्वंदीला बांधलेला पिवळा दोरा

फोन आमच्याकडं आला, कारण मल्लूअण्णांच्या घरी फोन नव्हता. दुकानात होता. घरी कशाला पाहिजे, मी घरी असतोय कुठं, असं त्यांचं म्हणणं. मी मशीनवर लग्नाच्या ब्लाउजला बाही जोडत बसले होते. पलीकडून त्यांच्या दुकानाशेजारचा भांडीवाला बोलत होता. "अक्का, अण्णा गेलं हो. चहाची चव बघता बघताच गेलं. गौराक्कास्नी तुमीच सांगा." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. रोज आमटीच्या वाट्या इकडून तिकडं होतात ती भिंत, पण त्या दिवशी ती ओलांडायला पाय उचलेना. अण्णांच्या बायको गौराक्का तांदूळ निवडत होत्या. मी तोंड उघडायच्या आधीच त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि परात हळूच बाजूला सारली...

त्याला आता दोन-अडीच महिने होतील. या दिवसांत गल्लीनं माझं इतकं कौतुक केलं की विचारू नका. "शालनअक्कानं अण्णांची फुलं अण्णांस्नीच वाहिली, शेजार असावा तर असा." शोकसभेत तर एका व्यापाऱ्यानं स्टेजवरून माझं नाव घेतलं. मी मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, अक्का रडतीया. अक्का रडत नव्हती, शरमेनं तिला वर बघवत नव्हतं. का, ते सांगायला हे लिहिते आहे. जन्मभर ब्लाउज शिवले, लेख कधी लिहिला नाही. शिवण कुठं वाकडी गेली तर सांभाळून घ्या.

मल्लूअण्णा म्हणजे चहावाले. चहा विकणारे नव्हे हं, चहाची पावडर विकणारे. मूळचे गडहिंग्लजकडचे लिंगायत. घरात कानडी, दुकानात मराठी आणि उधारी मागताना हिंदी, असं त्यांचं गणित. दुकानात चहाची पोती मांडलेली असायची. ह्यातलं मूठभर, त्यातलं चिमूटभर, असं करत ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघून चहा मिसळायचे. "ह्या माणसाला कडक झेपायचा न्हाई," असं त्याच्या समोरच म्हणायचे! गिऱ्हाईक आधी रागवायचं, मग पुढच्या आठवड्यात तोच चहा मागायला यायचं. मिसळायचा हा नाद पुढं चहावरून जास्वंदीवर गेला, एवढंच.

ते कसं झालं, त्याला मी साक्षी आहे. नव्वदच्या आगंमागंची गोष्ट. गौराक्कांनी पूजेसाठी कुंपणाला तांबडी जास्वंद लावली होती. एक दिवस अण्णा भिंतीवर कोपरं टेकून मला म्हणाले, "अक्का, मी सकाळी आठला बाहेर पडतोय, तवा फूल अजून पेंगत असतंय. रात्री नवाला येतोय, तवा मिटून गोळा झालेलं असतंय. माझ्याच दारातलं फूल मला उघडं दिसत न्हाई. ह्याला काय अर्थ हाय?" मी म्हटलं, "दुकान लवकर बंद करा की." त्यावर त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जसं काही मी त्यांना देशोधडीला लागायला सांगितलं. दुकान बदलणार नव्हतं, मग फूल बदलायचं ठरलं. रात्री नऊ वाजता उघडं असणारी जास्वंद स्वतः तयार करायची! आम्ही हसलो. माझे मालक तर म्हणाले, "अण्णा, त्यापेक्षा सूर्यालाच दोन तास थांबवा."

पण माणूस चिवट. कुठून कुठून फांद्या आणि बिया गोळा करायला लागले. हुपरीला एका लग्नात पंगतीला बसलेले, समोर जिलेबी वाढलेली, आणि हे महाराज पानावरून उठून गायब. गौराक्का शोधत गेल्या तर हे कुणाच्या तरी घरामागच्या परड्यात, पिवळ्या जास्वंदीसमोर हात जोडून उभे. घरमालक काठी घेऊन आलेला. "पावणं, चोर न्हाई मी. एक फांदी द्या, तुमच्या घराला वर्षभर चहा देतो." फांदी मिळाली. आणि चहाही खरंच वर्षभर गेला, गौराक्कांनी त्यावरून वर्षभर टोमणे मारले तो भाग वेगळा.

मग सुरू झाली ती लग्नं. पोराच्या रंगपेटीतला बारीक ब्रश घ्यायचा, एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलाच्या तुऱ्याच्या टोकावरच्या पाच ठिपक्यांना लावायचा. सुरुवातीला त्यांना याची फार लाज वाटायची. कुणी रस्त्यानं गेलं की ब्रश पाठीमागं लपवून "मावा पडलाय, कीड झाडतोय" म्हणायचे. पण गल्लीपासून काय लपतं? "अण्णा, आज कुणाचं लगीन?" असं पोरंसोरं विचारायला लागली, आणि मग अण्णाही भीड सोडून नवरा-नवरीची नावं सांगायला लागले. पराग ते चहाच्या नमुन्याच्या डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवायचे. एकदा गौराक्कांनी त्यातली एक डबी केशराची समजून बासुंदीत झटकली. अण्णांनी वाटी पुसून खाल्ली, मग फ्रिज उघडला आणि शांतपणे म्हणाले, "गौरा, आज आपण आपला जावई खाल्ला."

कुठल्या फुलाला कुठला नवरा दिला हे कळायला ते देठाला दोरा बांधायचे. तो दोरा माझा. ब्लाउजचे उरलेले तुकडे मी डब्यात टाकून ठेवायची आणि ते सकाळी भिंतीवरून हात पुढं करायचे. "अक्का, निळा." "अक्का, आज राणी कलर हाय काय?" त्या दोऱ्याचा एक कायदाही झाला. आमच्या गल्लीत पहाटे देवासाठी फुलं तोडायची पद्धत आहे. दुसऱ्याच्या कुंपणातली तोडली तर पुण्य जास्त, असं काही बायकांना वाटतं की काय कोण जाणे. अण्णांनी कधी कुणाला अडवलं नाही. फक्त म्हणाले, "दोरा बांधलेलं तेवढं सोडा. ते फूल न्हाई, पोटुशी बाई हाय." आणि खोटं नाही सांगत, अंधारात पिशवी घेऊन येणाऱ्या बायकासुद्धा देठ चाचपून बघायच्या, दोरा लागला की हात मागं घ्यायच्या. फुलचोरांनी पाळलेला हा कायदा. मोडला तो मी.

बी धरणं सोपं नव्हतं. दहातली नऊ लग्नं फुकट जायची, देठ पिवळा पडून गळायचा. धरलंच तर बोंड वाळून फुटेस्तोवर दोन-तीन महिने. फुटलं की बिया उडतात, म्हणून बोंडाला मलमलच्या पिशव्या बांधायच्या. त्याही मीच शिवून द्यायची. मग बी पेरा, रोप वाढवा, दीड-दोन वर्षांनी फूल येणार, आणि ते संध्याकाळी पाच वाजता मिटणार. अण्णा रात्री येऊन दिवा लावायचे, मिटलेलं फूल बोटानं जरा उचलून बघायचे आणि म्हणायचे, "बरं. झोप." असं वर्षानुवर्षं चाललं. आमची पोरं शिकून पुण्याला गेली, माझे मालक गेले, अण्णांचे केस पिकले, तरी अंगणातला तो दिवा रात्री नवाला लागायचा.

आणि गेल्या दिवाळीनंतर एका रात्री अण्णा एवढ्या मोठ्यानं ओरडले की मला वाटलं, साप निघाला. भिंतीशी धावत गेले तर अण्णा पायरीवर बसलेले, आणि समोरच्या कुंडीत एक फूल टक्क उघडं. चहात दूध जरा जास्त झालं की जो रंग होतो ना, तो रंग. मध्यभागी तांबडा डोळा. "अक्का, बघा की! नऊ वाजून गेलं!" गौराक्कांनी जेवणाचं ताट तिथंच आणून दिलं. अण्णा फुलाकडं बघत भाकरी मोडत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते फूल दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं.

पण देव एका हातानं देतो आणि दुसऱ्यानं काढून घेतो म्हणतात तसं झालं. त्या रोपाचं मूळ कुजायला लागलं. अण्णांनी कलम करून बघितलं, जगलं नाही. पानं गळली, काटकी उरली, तिच्या शेंड्याला एक कळी. ज्या दिवशी अण्णा गेले त्या सकाळी ती उमलली. थंडीचे दिवस होते. भिंतीवरून हात आला. "अक्का, पिवळा दोरा द्या. जरा चांगला द्या, सुटंल असला नको. पोरीचं शेवटचं लगीन हाय. झाड काय आता ऱ्हात न्हाई. बी धरलं तर वंश तरी ऱ्हाईल." मी एका शालूच्या ब्लाउजचा रेशमी दोरा कापून दिला. माझ्या हातानं दिला. त्यांनी तो बांधला, चपला घातल्या आणि दुकानाला गेले.

दुपारी त्यांना घरी आणलं. आमच्यात माणसाला झोपवून नेतात, त्यांच्यात बसवून नेतात आणि मातीत समाधी देतात. अण्णांना भस्म लावून बसवलं तर ते दुकानात बसल्यासारखेच दिसत होते, आणि तेच मला सहन होईना. बाजारातनं झेंडूचे हार आले होते. मला एकदम वाटलं, ह्या माणसाला झेंडू? ज्यानं जन्म जास्वंदीत घातला त्याला विकतचा झेंडू? मी टोपली घेतली आणि अंगणातलं एकेक फूल खुडायला लागले. डोळ्यांना पाण्यामुळं काही दिसत नव्हतं. बायका म्हणत होत्या, "बघा माया कशी असतीया." मला तेव्हा स्वतःचं बरंही वाटलं, हे सुद्धा सांगून टाकते. एका देठाला बोटांना दोरा लागला. लागला, हे मला पक्कं आठवतंय. पण माझ्या बोटांना दिवसभर दोराच लागत असतो. मी खुडलं. थोडी फुलं अण्णांच्या अंगावर वाहिली, थोडी समाधीच्या मातीवर पसरली, आणि सगळ्यांत सुंदर दिसलं ते शेवटी तिथं माझ्या हातानं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौराक्कांबरोबर बेल वाहायला गेले. मातीवरची सगळी फुलं रात्रीत मिटून काळी पडलेली. एकच उघडं होतं. दुधाळ चहाच्या रंगाचं, टक्क उघडं, देठाला पिवळा रेशमी दोरा... गौराक्कांना मोतीबिंदू, त्यांना दोरा दिसला नाही. त्यांनी फुलावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अक्का, हे त्यांचंच फूल न्हवं? रात्रभर उघडं ऱ्हायलं. तुमी आणलासा म्हणून त्यांनी बघितलं." आणि माझा हात धरून त्यांनी कपाळाला लावला. त्या क्षणी धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बेल वाहिला आणि त्यांच्याबरोबर घरी आले, आणि नंतर कौतुकाच्या ओझ्याखाली ते बोलणं आणखीच आत गेलं. तेराव्यानंतर एकदा भिंतीपलीकडं बघितलं तर त्या वाळक्या काटकीच्या शेंड्याला मलमलची पिशवी बांधलेली. मी शिवलेलीच. गौराक्का म्हणाल्या, "जाताना म्हणालं होतं, हिचं लगीन लावलंय, पिशवी बांधाय विसरू नगं. फूल काय, आपसूक गळलं असंल, तेच तुमी समाधीवर आणलासा. मी चाचपडत बांधली." त्या रोज त्या काटकीला पाणी घालत होत्या. मी बघत होते. रोज.

गेल्या आठवड्यात त्यांनी हाक मारली. "अक्का, पिशवी हलकी लागतीया. बोंड फुटलं काय बघा बरं, मला दिसत न्हाई." मी भिंत ओलांडून गेले. पिशवीच्या गाठीला हात लावला, पण ती सोडवेना. म्हटलं, "गौराक्का, यात काही नाही. फूल गळलं नव्हतं. मी तोडलं. दोरा हाताला लागला होता, तरी तोडलं. समाधीवर उघडं होतं ते हेच."

त्या काटकीकडं वळल्या. मला वाटलं, शिव्या देतील. द्याव्यात, असं वाटत होतं. त्यांनी माझा हात गाठीवरून काढला. म्हणाल्या, "तुमी कायबी बोलला न्हाईसा. मी कायबी ऐकलं न्हाई. पिशवी ऱ्हाऊ दे." आणि पाण्याचा तांब्या भरायला आत गेल्या.

हे पेपरच्या पुरवणीत लिहिणार आहे, असं मी त्यांना सांगितलं. "लिवा," म्हणाल्या, "लोकांस्नी कळू दे. फक्त मला वाचून दाखवू नगा." आमटीची वाटी येते, जाते. रात्री नवाला अंगणातला दिवा लागतो. माझी मशीन खिडकीशी आहे, मान वर केली की ती पिशवी दिसते. वारा सुटला की फुगते, आणि लांबून बघणाऱ्याला वाटावं, बी चांगलं धरलंय.