एंगकोमला गाडी लागते

चिपारीच्या डोंगरात एंगकोम दोन गोष्टींसाठी ओळखली जायची. एक तिचे ओपाक, म्हणजे चिकट तांदळाचे निखाऱ्यावर भाजलेले पापड, आणि दुसरी तिला लागणारी गाडी. गाडी पुष्कळांना लागते, पण एंगकोमला लागायची तशी वैऱ्यालाही लागू नये. बस नुसती उभी असली तरी डिझेलच्या वासानं तिचा चेहरा पांढराफटक पडायचा. गावप्रमुखानं नवी मोटार घेतली तेव्हा मोठ्या हौसेनं तो तिला तासिकच्या दवाखान्यात घेऊन निघाला होता. पुढं वर्षाच्या आत त्यानं ती मोटार विकून टाकली. कारण तो वेगळंच सांगतो, पण गाव काय समजायचं ते समजलं.

उपाय करून झाले नव्हते असं नाही. बेंबीवर औषधी पट्टी चिकटवून झाली, संत्र्याची साल हुंगून झाली, सीटवर जुनं वर्तमानपत्र अंथरून त्यावर बसून झालं. हा वर्तमानपत्राचा उपाय कुणाच्या डोक्यातून निघाला कुणास ठाऊक, पण त्यावर विश्वास नसलेली माणसंही आमच्याकडे बसमध्ये चढताना एक पेपर काखोटीला मारतात. एंगकोमनं गठ्ठेच्या गठ्ठे अंथरून पाहिले, तरी पोटातलं बाहेर यायचं ते आलंच.

अशा बाईच्या एकुलत्या एका मुलीनं, नेंदेननं, लग्न केलं ते थेट पांगांदारानच्या कोळ्याशी. पांगांदारान म्हणजे समुद्राकाठचं गाव. सुट्ट्या लागल्या की शहरं तिथं लोटतात, पण चिपारीहून जायचं तर बसनं आधी तासिकला उतरा, मग बांजार, मग पुन्हा वळणांमागून वळणं. निकाह चिपारीतच झाला, तेव्हा प्रश्न आला नाही. पण आठवड्यानं मुलाकडचं जेवण होतं. भरजरी ब्लाऊज घालून एंगकोम वऱ्हाडाच्या बसमध्ये चढली, तिसऱ्या वळणावर तिनं ओरडून बस थांबवली आणि उतरली ती चालत घरी आली. तिचा नवरा ओदिंग पुढं गेला. त्यानं मुलीला सांगितलं, "तुझ्या आईला बरं नाही." त्यावर नेंदेन एवढंच म्हणाली, "हो का."

ते "हो का" ओदिंगनं घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. पुरुषांना कुठली गोष्ट पोटात ठेवावी हे कळत नाही. एंगकोमच्या जिवाला ते जे लागलं ते लागलंच. नेंदेन ईदला यायची, हसायची, खायची, पण "एमा, आमच्याकडं ये" असं तिनं आईला पुन्हा कधी म्हटलं नाही.

आता नेंदेनला सातवा महिना लागला होता. सातव्या महिन्याची आंघोळ खरं तर माहेरी व्हायची, पण सुईणीनं तिला त्या वळणांवरून प्रवास करायला साफ मनाई केली. सत्तावीस तारीख ठरली, तीही सासरी. सात बायका पोटुशीच्या डोक्यावर फुलांचं पाणी ओततात, आणि पहिलं पाणी आईचं. आई नसेल तर सासू ओतते, काही अडत नाही. एंगकोमचं मात्र अडलं होतं. या खेपेला आपण पोचलो नाही तर पोरगी तोंडावर हसेल आणि मनातून कायमची तुटेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिनं सराव करायचं ठरवलं. कुणाला न सांगता एका सकाळी ती तासिकच्या बसमध्ये चढली. पहिलं वळण तिनं डोळे मिटून काढलं, दुसरं नाकाला रुमाल लावून. तिसऱ्याला कंडक्टरनंच तिला उतरवलं आणि वर पिशवीही दिली. रस्त्याकडेला ती बसून राहिली, तेवढ्यात शेजारचा एन्तिस मोटरसायकल घेऊन आला. एन्तिस ओजेकवाला, म्हणजे मोटरसायकलवर मागं एक माणूस बसवून पोचवणं हा त्याचा धंदा. एंगकोमला तो तेते, म्हणजे ताई, म्हणायचा.

"तेते, बसा मागं. अंगात त्राण नसेल तर मला धरून बसा."

ती बसली. वाटेत एका बाईकडून एन्तिसनं पेरू घेतले आणि एक तिला दिला. घाट चढून वर येईपर्यंत एन्तिसच्या कानामागं कचाकचा आवाज येत होता. त्यानं गाडी थांबवली आणि वळून पाहिलं.

"तेते, मघाशी बसमध्ये मरत होतात. आता पेरू खाताय?"

एंगकोम हातातल्या अर्ध्या पेरूकडं बघत राहिली. बाजाराला जाताना वर्षानुवर्षं ती मोटरसायकलवर ओदिंगच्या मागं बसत होती, आणि एकदाही तिला काही झालं नव्हतं. बाजार म्हणजे काही प्रवास नव्हे, म्हणून ही गोष्ट ना तिच्या लक्षात आली ना दुसऱ्या कुणाच्या. इतकी वर्षं ती वर्तमानपत्रांवर बसली, आणि औषध घराच्या ओसरीवर स्टँडला लावून उभं होतं!

"मला पांगांदारानला सोड," ती तिथल्या तिथं म्हणाली.

"अहो तेते, अड्ड्याची हद्द असते. चौकापलीकडं मी माणूस घेऊन गेलो तर तिथले मला फाडून खातील. आणि माझी गाडी एवढी चालायची नाही."

घरी ओदिंगनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. त्याची कंबर बाजारापर्यंतच चालायची, तोही येणार नव्हता. "कोबीच्या ट्रकवर बसून जा हवं तर," तो म्हणाला. "नाहीतर तासिकहून बांजारपर्यंत आगगाडी आहे."

"आणि तासिकपर्यंत? आणि बांजारच्या पुढं? उडत जाऊ?" एंगकोम कडाडली. "आणि कोबीबरोबर तूच जा. मला विहिणीच्या दारात भाजी म्हणून उतरायचं नाही."

वाट एन्तिसनंच काढली. बसचा रस्ता सोडून दक्षिणेच्या डोंगरांतून एक रस्ता थेट समुद्राकडं उतरतो. त्यावर जागोजागी ओजेकवाल्यांचे अड्डे आहेत. एका अड्ड्यानं माणूस आपल्या हद्दीच्या टोकाला न्यायचं आणि पुढच्या अड्ड्याच्या हाती नाव सांगून द्यायचं. नाव सांगून हाती दिलेल्या माणसाला काही झालं तर घेणाऱ्याला सगळ्या रस्त्यावर तोंड दाखवायला जागा राहत नाही. म्हाताऱ्यांना आणि शाळकरी पोरींना घरची माणसं अशीच निर्धास्त पाठवतात.

"पण नेंदेनला कळवायचं नाही," एंगकोमनं नवऱ्याला बजावलं. "मागं येते म्हणून सांगितलं आणि तोंडावर पडले. आता पोचले तरच पोचले म्हणायचं."

सव्वीस तारखेला पहाटेची नमाज आटोपून ती निघाली. डोक्यावर एन्तिसच्या बायकोचं गुलाबी हेल्मेट, पाठीवर कापडात बांधलेले ओपाक आणि मांडीवर झाकणाचा डबा. डब्यात आपल्या भातखाचरातल्या जिवंत वाम, सापासारखे लांब, निसरडे मासे. सातव्या पाण्याबरोबर वाम पोटावरून घसरवतात, म्हणजे बाळही तसंच अलगद बाहेर येतं. समुद्रकाठी मासे ढीगभर, पण खाचरातली वाम कुठून आणणार? डब्यात चुळबुळ झाली की एन्तिस दचकायचा.

चौकात एन्तिसनं तिला कार्मान नावाच्या मिशाळ माणसाच्या हाती दिलं. "ही तेते एंगकोम, चिपारीची. पोरीच्या सातव्याला चालली आहे. वळणावर हळू. आणि डब्यात काय आहे ते विचारू नकोस." कार्माननं मान डोलावली आणि लगेच विचारलं, डब्यात काय आहे?

दुपारपर्यंत सगळं गोडीत चाललं. वारा तोंडावर होता, चहाचे मळे मागं पडले, सागाची झाडं लागली. एंगकोमनं आयुष्यात पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी रस्ता पाहिला आणि तिला तो आवडला.

मग लेवीजाती गावचा झुलता पूल आला. लोखंडी दोरांवर टांगलेल्या फळ्या, खाली नदी. पुलापाशी कार्मान थांबला. बाईमाणसाला तो अदबीनं इबू म्हणायचा.

"इबू, इथून पायी. पलीकडं दुसरा अड्डा, थेट समुद्रापर्यंत त्यांची हद्द."

"मग चल की, नाव सांगून दे मला."

कार्मान जागचा हलला नाही. बाजाराचं गिऱ्हाईक कुणाचं यावरून दोन्ही अड्ड्यांत कधीतरी जुंपली होती, आणि तेव्हापासून इकडचा तिकडं पाऊल टाकत नव्हता. इकडून पायी आलेल्या माणसालाही तिकडचे मुद्दाम ताटकळत ठेवायचे. एन्तिसला हे माहीत नव्हतं की सांगायचं विसरला, देव जाणे.

एंगकोम एकटीच पूल ओलांडून गेली. पलीकडच्या छपराखाली पाक ओजा, म्हणजे ओजाकाका, हा वयस्क ओजेकवाला साथीदारांबरोबर पत्ते पिसत बसला होता. त्यानं वर न बघता विचारलं, "कुणी आणलं?"

"कार्माननं."

"मग बसा. आमची माणसं आधी." आमची माणसं म्हणजे गिऱ्हाइकं, आणि गिऱ्हाईक तिथं एकही नव्हतं.

तास गेला. उन्हं कलायला लागली तसं एंगकोमला बसवेना. उद्या सकाळी पाणी ओतणार, आणि ही इथं पत्ते बघत बसणार? ती उठली, पुलावर गेली आणि अर्ध्यात उभी राहून दोन्ही काठांना ऐकू जाईल अशी बोलली.

"मी ना त्याचं गिऱ्हाईक, ना तुमचं! मी एका पोरीची आई आहे! तिच्या लग्नाच्या जेवणाला मी पोचले नाही, आणि आता तुमच्या भांडणापायी सातव्याला पोचणार नाही. तुमच्या आया जिवंत असतील तर जाऊन विचारा त्यांना!"

बोलता बोलता तिनं हात उडवले, आणि डबा सटकला. झाकण एकीकडं, पाणी दुसरीकडं, आणि वाम फळ्यांवरून चारी दिशांना सळसळत सुटल्या.

"धरा! अरे धरा!"

एंगकोमचा तो आवाज ऐकून इकडच्या काठच्या आपल्या अड्ड्यावर अजून थांबलेला कार्मान धावला, तिकडून पाक ओजा पत्ते टाकून धावला, त्यांच्यामागं दोन्ही अड्डे धावले. पूल असा काही हलायला लागला की सगळेच दोरांना लोंबकळले. दोन वाम फटीतून नदीत गेल्या. एक एकाच्या बाहीत शिरली, त्यानं केलेला नाच अजून तिथं करून दाखवतात. शेवटची वाम कार्माननं डोक्याकडून पकडली आणि पाक ओजानं शेपटाकडून.

"सोड, माझ्या हद्दीत आहे," पाक ओजा धापा टाकत म्हणाला.

"शेपूट तुमच्या हद्दीत आहे, पाक. डोकं माझ्या."

पाक ओजाला असं हसू फुटलं की त्याच्या हातून शेपूट सुटलंच. एंगकोम मात्र हसली नाही. ती फळ्यांवर गुडघे टेकून रडत होती. ते पाहिल्यावर दोघांचंही हसू विरलं.

"ऊठ बाई," पाक ओजा म्हणाला, आणि त्यानं कार्मानला विचारलं, "हिचं नाव काय?"

"एंगकोम. चिपारीची. वळणावर हळू."

"दिलीस?"

"दिली."

पाक ओजानं तिला आपल्या गाडीवर घेतलं. नदीचं ताजं पाणी भरून वामीचा डबा कार्माननं स्वतःच्या मांडीवर घेतला आणि पूल पार करून त्याची गाडी पाक ओजाच्या मागोमाग पलीकडच्या रस्त्याला लागली. त्याला कुणी अडवलं नाही. अंधार पडायच्या आत ते पाक ओजाच्या घरी पोचले. त्याच्या बायकोनं एंगकोमला भात, तळलेल्या सोयाबीनच्या टेंपे वड्या आणि मिरचीचा सांबाल, म्हणजे ठेचा, वाढला, आणि सगळी हकीकत ऐकून नवऱ्याला दोन शब्द सुनावलेही.

सकाळी पाक ओजाची आणि कार्मानची गाडी पुन्हा निघाली, उतार संपला आणि समुद्र दिसला. एंगकोमनं त्याच्याकडं धड पाहिलंही नाही. "किती वाजले? आणखी किती?" एवढंच तिचं चाललं होतं.

पांगांदारानला जावयाच्या अंगणात बायका जमल्या होत्या. चिरलेल्या फळांच्या टोपल्या भरल्या होत्या. मधोमध पाटावर नेंदेन, अंगाला सुती कापड गुंडाळलेली, मान खाली. तिची सासू, इबू कार्सिह, पहिलं पाणी ओतायला फुलांच्या पाण्यात वाटी बुडवत होती, तेवढ्यात फाटकापाशी दोन मोटरसायकली थांबल्या.

"थांबा!" गुलाबी हेल्मेटखालून आवाज आला. "थांबा हो, आई आलीय तिची!"

नेंदेननं मान वर केली. धुळीनं माखलेली, ब्लाऊज चुरगळलेली, डबा छातीशी धरलेली आपली आई तिला क्षणभर ओळखूच आली नाही.

"एमा? तू... बसनं?"

"बसचं नाव काढू नकोस."

इबू कार्सिहनं वाटी एंगकोमच्या हातात दिली आणि डबा आपल्याकडं घेतला. झाकण उघडताच ती म्हणाली, "अगंबाई, वाम! मी मेलीनं तळ्यातला मासा आणून ठेवला होता."

एंगकोम हेल्मेट काढायचंही विसरली. तिनं भरलेली वाटी नेंदेनच्या डोक्यावर धरली.

"लग्नाच्या जेवणाला मी दारात उभी होते," नेंदेन हळूच म्हणाली. "सगळी बस उतरली, तू नव्हतीस. मला वाटलं, मी इतकी लांब आले म्हणून तू माझ्यावर रागावलीस."

"रागावले नव्हते गं. तिसऱ्या वळणावरून परतले आणि चुलीपुढं बसून रडले. तुला सांगायची लाज वाटली. मला तुझ्याकडं यायचंच होतं, पोरी, मला यायला वाट सापडत नव्हती."

तिनं पाणी ओतलं. नेंदेनच्या केसांवरून, खांद्यांवरून, टचटचीत पोटावरून चाफ्याच्या पाकळ्या खाली आल्या. एंगकोम बाजूला व्हायला वळली, कारण आता पुढचीची पाळी होती. नेंदेननं तिचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. पुढची बाई वाटी घेऊन थांबली. मग इबू कार्सिह म्हणाली, "ओता गं, काय बघता?" आणि उरलेल्या सहाजणींचं पाणी मायलेकी दोघींवर पडलं.