शिळी पुरणपोळी आणि शीतलामाता

माघात मुलीला कांजिण्या आल्या आणि सासूबाईंनी मला न विचारता शीतलामातेला नवस बोलून टाकला. नवऱ्याची रेल्वेतून जयपूरला बदली होऊन वर्षही झालं नव्हतं. देवी इथली, धाक मात्र थेट साताऱ्याचा. शेजारच्या भाभीजींनी बासोड्याचा, म्हणजे देवीच्या शिळ्या नैवेद्याच्या सणाचा, नियम सांगितला: चैत्र कृष्ण अष्टमीला चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशी रांधलेलं थंड जेवण देवीला चढवायचं आणि आपणही तेच खायचं. सासूबाईंनी भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात चैत्रातली कृष्ण अष्टमी शोधून ठेवली.

त्या सकाळी चहासुद्धा नाही. माझं डोकं भणभणत होतं. कालच्या पुरणपोळ्या, दहीभात आणि मुलगी असं सगळं घेऊन आम्ही प्रताप नगरपलीकडच्या देवळात पोचलो, तर तिथे चिटपाखरू नाही. म्हातारी पुजारीण तेवढी अंगण झाडत होती.

"बासोड़ा? वो तो होली के आठवें दिन हो गया, बाईजी."

इथला महिना पौर्णिमेनंतर बदलतो, आपला अमावास्येनंतर. इथे चैत्र लागला तेव्हा आमच्या भिंतीवर अजून फाल्गुनच होता. होळीनंतर भाभीजींनी थंडगार गोड पुए आणि बाजरीची आंबट राबडी आणून दिली होती. ते होळीचं उरलंसुरलं समजून आम्ही नाकं मुरडत खाल्लं होतं!

सासूबाई मटकन पायरीवर बसल्या. "चुकला गं नवस," म्हणाल्या आणि पोरीचा हात घट्ट धरला. मी चिडणार होते, पण माझाच हात मुलीच्या पाठीवर गेला. नवसावर माझा विश्वास नाही, तो चुकण्याची भीती मात्र पुरेपूर वाटते, हे मला तिथे कळलं.

पुजारणीने झाडू ठेवला, हात धुतले. "उस दिन तो मैया के आगे ढेर लग जाता है. आज अकेली आप आईं. लाओ."

तिने पोळी देवीपुढे ठेवली, मुलीच्या कपाळाला गार पाण्याचं बोट लावलं आणि प्रसादाचा तुकडा मोडून स्वतःही खाल्ला. "मीठी है," म्हणाली. सासूबाई डोळे पुसत हसल्या आणि तिला आणखी दोन पोळ्या घ्यायला लावल्या.

कांजिण्या गेल्यापासून रोज आंघोळ घालताना मी मुलीची पाठ चाचपायचे, नवा फोड तर नाही ना म्हणून. दुसऱ्या दिवशी ते राहूनच गेलं. लक्षात आलं तोवर ती कपडे घालून खेळायला पळाली होती, आणि मी तिला परत हाक मारली नाही.